सीमाप्रश्न चौथीच्या वर्गातला

चोर्ला घाट चढून बेळगावला जाणारे आपण गोमंतकीय कणकुंबी, जांबोटी अशा पाट्या वाचत पुढे सरकतो. बेळगावशी आपला संबंध भाजीचा, दुधाचा, दवाखान्याचा आणि लग्नाच्या बस्त्याचा. तिथून महामार्गाने उत्तरेला गेलं की तवंदीचा घाट उतरून निपाणी लागते. या सगळ्या पट्ट्यात, खानापूरच्या जंगलातल्या वाड्यांपासून निपाणीच्या तंबाखूच्या शिवारापर्यंत, मराठी प्राथमिक शाळा आहेत. त्यातल्या लहान शाळा गाजावाजा न होता मिटत चालल्या आहेत. सीमाप्रश्न म्हटला की आपल्याला काळा दिवस, मोर्चे आणि फलक आठवतात. मला मात्र वाटतं, खरा सीमाप्रश्न आज चौथीच्या वर्गात बसला आहे.

१ नोव्हेंबर १९५६ या एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या. बेळगाव, खानापूर, निपाणी हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. आणि त्याच दिवशी सातवी घटनादुरुस्ती अमलात येऊन कलम ३५०-क घटनेत आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची पुरेशी सोय राज्याने करावी, असं ते कलम सांगतं. १९८६ साली कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार झाला, माणसं गेली. शाळेच्या भाषेसाठी माणसं मरण पत्करतात आणि पुढे तीच शाळा पटाअभावी ओस पडते, याला काय म्हणायचं?

शाळा बंद करायला दरवेळी आदेश लागतोच असं नाही. गुरुजी निवृत्त होतात, जागा भरली जात नाही. एका शिक्षकावर चार वर्ग येतात. त्यातच त्याला जनगणना, मतदारयाद्या, माध्यान्ह आहाराचा हिशेब. पालक हे बघतात आणि दारात येणाऱ्या पिवळ्या व्हॅनमध्ये पोराला बसवतात. पट घसरतो. मग पटच नाही म्हणून शेजारच्या गावात विलीनीकरण. आजार कोणी लावला ते विचारायचं नाही, फक्त मृत्यूचा दाखला द्यायचा!

पालकांना दोष देणं सोपं आहे. पण निपाणी भागात विड्या वळणारी किंवा तंबाखूच्या वखारीत राबणारी आई काय विचार करते ते बघा. मराठीत शिकून कर्नाटकात नोकरी नाही, कारण तिथे कन्नड हवं. आणि महाराष्ट्र तर पलीकडे. निपाणीला खेटून असलेलं देवचंद कॉलेज अर्जुननगरात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात. अशा कात्रीत तिला इंग्रजी ही तिसरी वाट दिसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती राज्याला करता येणार नाही असा निकाल दिला, तेव्हा ती वाट कायद्यानेही मोकळी झाली. कन्नड माध्यमाच्या लहान शाळाही याच वाटेवर रित्या होत आहेत. तेव्हा हे भांडण नुसतं मराठी-कन्नडचं उरलेलं नाही.

आणि महाराष्ट्र? ८६५ गावांवर हक्क सांगत २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या या राज्याने २०१७ साली स्वतःच्याच कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करून मुलांना दुसरीकडे हलवायचं ठरवलं. मग सीमाभागातल्या शाळेसाठी कुठल्या तोंडाने बोलायचं?

आपणही हसू नये. पोर्तुगीज अमलात देवळाच्या मंडपात मराठी शिकवणारी माणसं आपल्याच गावांत होती. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी शाळा पोचली. २०११ साली इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान मिळू लागलं आणि आपल्या सरकारी शाळांचं काय झालं, ते आपल्या वाड्यावरच्या शाळेत डोकावून पाहावं.

उपाय काय? माझ्या मते तीन. एक, पहिली ते चौथी ही शाळा मुलाच्या पायी चालण्याच्या अंतरात राहिलीच पाहिजे. शिक्षणहक्क कायदा प्राथमिकसाठी एक किलोमीटरचं अंतर धरतो आणि साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक सांगतो. तेवढं तरी पाळा. दोन, त्याच मराठी शाळेत कन्नड आणि इंग्रजी नीट शिकवा, म्हणजे व्हॅनची ओढ कमी होईल. सीमाभागातल्या मुलाला कन्नड येणं हा मराठीचा पराभव नव्हे, ते त्याचं पोट आहे. तीन, चळवळीने वर्षातला एक मोर्चा कमी करावा आणि जूनमध्ये घरोघर फिरून पट भरावा.

न्यायालयाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण तो लागला त्या दिवशी त्या गावांत मराठी वाचणारी मुलंच नसतील, तर जिंकलेल्या जमिनीचं आपण करणार काय?