बोकडाची आई कोण, ते आधी सांगा

चिंचोळी एमआयडीसीकडून सोलापूरला कॉलेजला येणाऱ्यांना हे दृश्य पाठ असेल. पुणे रोडला शिफ्ट सुटलेल्यांची गर्दी, आणि मागे रिकाम्या प्लॉटवर वेड्या बाभळीच्या फांदीवर पुढचे पाय टाकून शेंगा ओढणाऱ्या काळ्या शेळ्या. त्यातल्या चार आमच्या. म्हणजे आजीच्या.

या चौघींची आजी होती चंद्री. दोन करडं पाजून वर घरादाराच्या चहाला दूध द्यायची. किती द्यायची? कुणालाच माहीत नाही. 'लई द्यायची', एवढंच रेकॉर्ड. तिचा बोकड अंगानं भरला, बकरी ईदच्या आधी व्यापारी आला, काटा लावला, पैसे मोजले. माझी फर्स्ट इयरची फी त्यातूनच गेली, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही. पण पुढे कळपाला जो बोकड लागला तो वस्तीवरचा, कुणाचा, कुठला, देव जाणे. आता चंद्रीच्या नाती चहापुरतंही धड देत नाहीत.

हे आठवलं रील्समुळे. सध्या फीडवर अमेरिकेतल्या मिनी दुधाळ शेळ्या फिरतायत. नायजेरियन ड्वार्फ म्हणजे जेमतेम ५७ सेंटिमीटर उंचीची, आपल्या गुडघ्याच्या जरा वर येणारी शेळी. तिच्या जातीचा लहान बोकड मोठ्या जातीच्या शेळीला लावून मिनी तयार करतात. उलटं सहसा करत नाहीत, कारण लहान शेळीच्या पोटात मोठं करडू वाढलं तर विताना तिचा जीव जातो. आपण 'सो क्यूट' म्हणून पुढे सरकतो. मला त्या शेळीपेक्षा तिचे कागद भारी वाटले. कानात गोंदलेला नंबर, आई-बापाचं नाव, कितवी पिढी, आणि ज्यानं पैदास केली त्याच्या कळपाचं नाव. शेळी पुढे दहा जणांना विकली तरी ते नाव तिच्या नावापुढे राहतं. तिथली दुधाळ शेळ्यांची मोठी संघटना १९०४ पासून हे लिहून ठेवतेय. प्रदर्शनात व्यालेल्या शेळीला १०० पैकी ३५ गुण नुसत्या कासेचे. कास घट्ट वर बांधलेली आहे का, सड हातात नीट येतात का, हे परीक्षक वाकून बघतो. मुलांसाठी वेगळी स्पर्धा असते, तिथं शेळीपेक्षा तिला फिरवणाऱ्या पोराला जास्त पारखतात.

गंमत म्हणजे या मिनींमध्ये लोकप्रिय असलेल्या मिनी न्युबियनच्या रक्तात आपली जमनापारी आहे. १९ व्या शतकात इंग्रजांनी ती बोटीतून नेली, तिकडच्या शेळ्यांशी संकर केला आणि वंशावळ लिहायला घेतली. शेळी आपली, वही त्यांची.

आपल्याकडे नोंद नाही असं नाही. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेकडे उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी, कोकण कन्याळ या जाती रीतसर नोंदलेल्या आहेत. (जिल्हा धाराशिव झाला, शेळी अजून उस्मानाबादीच आहे.) पण ती झाली जातीची नोंद. तुमच्या दारातल्या शेळीची नोंद म्हणजे कानातला १२ अंकी पिवळा बिल्ला. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. आमच्या शेळ्यांनाही तो आहे. मालक कोण, लस कधी दिली, हे त्यातून कळतं. पण तिची आई कोण आणि ती किती दूध द्यायची, हे आम्हाला आजवर कुणी विचारलेलं नाही आणि आम्हीही सांगितलेलं नाही.

राष्ट्रीय पशुधन अभियानातून ५०० शेळ्या आणि २५ बोकडांच्या युनिटला ५० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. शेळीपालनाचे व्हिडिओ बघणारा आपला प्रत्येक मित्र हा आकडा तोंडपाठ सांगतो. त्याला फक्त एकच विचारा, ते २५ बोकड कुठून आणणार? एक बोकड वर्षाला कित्येक करडांचा बाप होतो, आणि तो आपण निवडतो फोटो बघून. प्रदर्शनातही तेच. शंभर किलोचा, लांब कानाचा, हार घातलेला बोकड आणि त्याच्याशेजारी सेल्फीची रांग. त्याच्या आईच्या दुधाबद्दल पाटीवर अक्षर नाही. वजनाला माझा विरोध नाही, मटणालाही नाही. पण चांगल्या आईचा बोकड आधी भरतो, म्हणून तोच आधी कापला जातो, आणि पैदाशीला उरतो तो उरलेला. मग 'गावरान शेळीला दूधच नसतं' म्हणायला आपण मोकळे.

आपल्या भागात हे काम होत नाही असं नाही. फलटणची निंबकर संस्था उस्मानाबादीवर आणि राहुरीचं कृषी विद्यापीठ संगमनेरीवर काम करतं, तेही थेट शेतकऱ्यांच्या कळपात जाऊन नोंदी घेत. पण ते गोठ्यागोठ्यात पुरणार नाहीत. आपण मात्र एनएसएसच्या शिबिराला सात दिवस गावात राहतोच. रस्ता झाडून फोटो काढल्यावर उरलेल्या वेळात वीस घरांच्या शेळ्यांची वही घालता येणार नाही का? बिल्ल्याचा नंबर, आईचा नंबर, व्यायल्याची तारीख, करडं किती. महिन्यातून एकदा रात्री करडं वेगळी बांधायची, सकाळी दूध काढून वजन करायचं आणि तेच दूध करडांना बाटलीनं पाजायचं. पुढच्या जत्रेत बक्षीस द्यायचं तर या वहीवरून द्या. बोकड उभा करा खुशाल, पण पाटीवर त्याच्या आईचं दूध लिहा.

माझे मित्र म्हणतात, शेळीला कुठं बायोडेटा लागतो? लग्न जमवताना मात्र यांच्याच घरी मामाचं गाव, आत्याचं घर, सगळं विचारतात.

आजीला वहीची आयडिया सांगितली. ती म्हणाली, "मला सगळं ध्यानात हाय की." खरंच आहे. ती सांगतेय तसं मी रोज रात्री एक पान लिहितोय, चंद्रीच्या आईपर्यंत पोचलोय. आमची लालडी दिवाळीच्या सुमारास विणार आहे. काटा तोवर आणायचाय.