वाद गाजतो, पण गल्ला भरतो का?



नवीन धंदा सुरू करणाऱ्यांकडून एक प्रश्न सारखा येतो. "सर, जाहिरातीला पैसे नाहीत. एखादा वाद झाला, आपलं नाव चर्चेत आलं, तर फुकटात पब्लिसिटी होईल ना?" वरून रील्सची उदाहरणं दिली जातात. अमक्याने शिव्या दिल्या, तमक्याने समोरच्या दुकानदाराला आव्हान दिलं, लाखो व्ह्यूज मिळाले.

माझं मत सरळ आहे. वाद मुद्दाम ओढवून घेऊ नका. पण तुमच्या कामामुळे वाद आलाच, तर पळूही नका. असं का, ते दोन खऱ्या गोष्टींवरून बघू.

आधी एक शब्द. फ्रेंचमध्ये म्हणतात 'कोज सेलेब्र'. कोज म्हणजे खटला, सेलेब्र म्हणजे गाजलेला. गायो द पितावाल नावाच्या फ्रेंच वकिलाने १७३४ पासून गाजलेल्या खटल्यांचे खंड छापायला घेतले, त्यांच्या नावातच हा शब्द होता. पुढे कोर्टाबाहेरचं प्रकरणही, ज्यावर सगळा गाव दोन बाजूंनी भांडतो, त्यालाही हाच शब्द लागला. म्हणजे लोकांना असं प्रकरण चघळायला आवडतं आणि त्यावर पैसे मिळतात, ही गोष्ट इन्स्टाग्रामने शोधलेली नाही!

आता पहिली गोष्ट. २७ एप्रिल १९५९, मुंबई. नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळ्या घातल्या. खटला असा गाजला की रस्त्यावरचे फेरीवाले 'आहुजा टॉवेल' आणि 'नानावटी रिव्हॉल्व्हर' नावाची खेळणी विकायला लागले. टॉवेल का, तर आहुजा त्या वेळी अंघोळ करून टॉवेलवरच होता. नानावटींची बाजू घेणारं 'ब्लिट्झ' साप्ताहिक एरवी २५ पैशांना मिळायचं, त्या दिवसांत अंक २ रुपयांना जात होता.

फेरीवाल्यांचा गल्ला भरला का? चार दिवस भरला असणार. पण गिऱ्हाईक टॉवेलसाठी आलंच नव्हतं, ते खटल्यासाठी आलं होतं. नोव्हेंबर १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने जन्मठेप कायम केली. चर्चा थंडावल्यावर त्या टॉवेलला विचारणार कोण? आणि एक माणूस मेलेला असताना, एक संसार मोडलेला असताना त्यावर माल विकायचा का, हा हिशोब ज्याचा त्याने मनाशी करावा. माझ्या वहीत असा नफा जमेच्या बाजूला बसत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या वाईच्या जवळची. वाईहून मेणवली हाकेच्या अंतरावर. कृष्णेकाठचा नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट तुम्ही पाहिला असेल, नाहीतर 'स्वदेस' सिनेमात तरी पाहिला असेल. याच नानांचं पात्र असलेलं विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात रंगमंचावर आलं. दिग्दर्शक जब्बार पटेल, नानांच्या भूमिकेत मोहन आगाशे. संस्था होती प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पीडीए.

वाद पेटला. नानांची बदनामी केली, ब्राह्मणांची बदनामी केली, असा आरोप झाला. हे ऐतिहासिक नाटक नाही, असं तेंडुलकर सांगत होते. पण ज्या भागात नानांचा वाडा आणि घाट लोक अभिमानाने दाखवतात, तिथल्या माणसाला राग का आला असेल, हे आपल्याला समजायला हवं. दुखावलेला प्रत्येक माणूस मूर्ख नसतो.

आता धंद्याच्या नजरेने बघा. नाव सगळीकडे गाजत होतं, आणि १९ प्रयोगांनंतर पीडीएने नाटकच थांबवलं! गाजावाजा भरपूर, तिकीट एकही नाही. फुकट पब्लिसिटी म्हणतात ती ही. वादाने दुकानासमोर गर्दी जमते, पण त्याच गर्दीमुळे शटरही खाली येऊ शकतं.

मग नाटक परत उभं कसं राहिलं? कलाकार मंडळींनी पीडीए सोडली आणि मार्च १९७३ मध्ये 'थिएटर अकॅडमी' ही स्वतःची संस्था काढली. १९७४ मध्ये प्रयोग पुन्हा सुरू झाले. १९८० च्या युरोप दौऱ्याआधी पुन्हा जोरदार विरोध झाला, तरी दौरा झाला. पुढेही वर्षानुवर्षं प्रयोग होत राहिले. कारण माल पक्का होता. माणसांचीच केलेली ती हलती भिंत, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना. वाद ऐकून आलेला माणूस एकदा तिकीट काढेल. दुसऱ्यांदा येतो तो कामासाठी, आणि येताना चार जणांना घेऊन येतो.

यातून आपण तीन गोष्टी घ्यायच्या.

एक, वाद कशावरून झाला ते बघा. तुमच्या कामावरून झाला असेल तर उत्तर द्या, चूक असेल तर सुधारा, बरोबर असाल तर ठाम राहा. कामाशी संबंध नसेल तर गप्प बसा आणि माल द्या.

दोन, तुमचं दुकान दुसऱ्याच्या हातात किती आहे ते तपासा. जागा दुसऱ्याची, पेज मित्राच्या नावावर, सगळी विक्री एकाच ॲपवर. अशा वेळी वाद झाला की निर्णय तुमचा राहत नाही, समोरचा घाबरला की तुम्ही बंद. घाशीरामच्या मंडळींना स्वतःची संस्था काढावी लागली. तुम्ही ही तयारी आधीच करून ठेवा.

तीन, दुसऱ्याच्या दुःखावर किंवा जातीधर्माच्या भांडणावर ऑफर लावू नका. वाईसारख्या गावात तुमचं गिऱ्हाईक म्हणजे तुमचा शेजारी. मुंबईतला फेरीवाला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या चौकात उभा राहील, तुम्हाला मात्र त्याच गणपती घाटावरून रोज जायचंय.

म्हणून हळद विका, मिसळ विका, मेणवलीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी होमस्टे चालवा, पण आज एक काम करा. एका कागदावर लिहा, "उद्या माझ्याबद्दल बोभाटा झाला, तर माझ्या बाजूने कोण बोलेल?" त्या यादीत दहा जुनी गिऱ्हाइकं आली तर तुमचा धंदा भक्कम आहे. एकही नाव सुचलं नाही, तर व्हायरल व्हायचा विचार सोडा आणि आधी ती दहा माणसं कमवा.