गेली तितकी परत यायला हवी

"बल्ब वीज खातो," मुलं वर्गात हमखास म्हणतात. घरीही आपण तसंच बोलतो. प्रत्यक्षात विद्युतप्रभार जराही खर्च होत नाही. एका तारेतून जितका प्रवाह बल्बमध्ये शिरतो, तितकाच दुसरीतून परततो. खर्च होते ती ऊर्जा; बिल येतं ते तिचंच.

आरसीसीबी (बरेच वायरमन त्याला ईएलसीबीच म्हणतात) हाच हिशोब ठेवतो. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाहात 30 मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कुणाच्या तरी अंगातून जमिनीत उतरत असू शकते. तो क्षणात पुरवठा तोडतो. एमसीबी मात्र तारा वाचवतो, माणूस नाही. बऱ्याच घरांत आम्हाला नुसते एमसीबीच दिसतात. गीझर लावलेल्या घरातल्या अम्मी-अब्बूंनी मेन बोर्डाकडे एकदा पाहावं. ज्यावर 'टेस्ट' बटण आहे, तो आरसीसीबी. बटण दाबूनही खटका पडला नाही, तर वायरमनला बोलवावं.