फाउंडेशनची निवड

विवाहाचे मुहूर्त जवळ आले की घरोघरी साड्यांच्या आणि दागिन्यांच्या याद्या होतात; मुखप्रसाधनाची खरेदी मात्र बहुधा शेवटच्या दोन दिवसांवर ढकलली जाते. दुकानातील पांढऱ्या ट्यूबलाइटखाली विक्रेती हाताच्या पाठीवर फाउंडेशनचा एक ठिपका लावते, ‘शोभून दिसेल’ म्हणते, आणि बाटली घरी येते. पुढे छायाचित्रांचा अल्बम उघडल्यावर ध्यानात येते, की वधूचा चेहरा राखाडी दिसतो आहे आणि मान तेवढी तिची स्वतःची आहे.

हाताच्या पाठीने ऊन सोसलेले असते. तिचा व चेहऱ्याचा वर्ण सहसा जुळत नाही. त्यातच सावळ्या मुलीसाठी एक-दोन छटा उजळ बाटली घेण्याची रीत अजून गेलेली नाही, आणि हा आग्रह पुष्कळदा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचाच असतो. फाउंडेशनला रंग देणारी द्रव्ये मुख्यतः चार: पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड आणि पिवळा, तांबडा व काळा असे तीन लोह-ऑक्साइड. छटा उजळ करायची म्हणजे पांढऱ्याचा अंश वाढवायचा. सावळ्या त्वचेवर तो अंश राखेसारखा उमटतो, आणि कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये अधिकच. मुलीला गोरी करण्याच्या हौसेपोटी तिचे तेज मात्र झाकले जाते. गव्हाळ व सावळ्या वर्णात बहुधा पिवळसर झाक असते, म्हणून गुलाबी झाकेचे फाउंडेशनही त्यावर परके वाटते.

छटा पाहावी ती जबड्याच्या कडेवर. लगतच्या तीन छटांच्या रेघा तेथे ओढाव्यात आणि दुकानाबाहेर येऊन दिवसाच्या उजेडात आरशात पाहावे. जी रेघ दिसेनाशी होते, ती आपली छटा. तरीही पंधरा-वीस मिनिटे थांबलेले बरे, कारण काही फाउंडेशन त्वचेवर बसताना किंचित गडद होतात.

तेलकट त्वचेला तेलविरहित, चकाकी न आणणारे पातळ फाउंडेशन मानवते. मुरुमे येत असतील तर रंध्रे न बुजवणारे, असा उल्लेख असलेले घ्यावे. कोरड्या त्वचेवर हेच फाउंडेशन पापुद्र्यांसारखे दिसते. तिच्यासाठी मलईदार प्रकार योग्य, आणि त्याआधी मॉइश्चरायझर लावून दहा मिनिटे थांबणे अगत्याचे. मिश्र त्वचेत कपाळ, नाक व हनुवटीवर थोडी पावडर पुरते. गाल तसेच राहू द्यावेत. संवेदनशील त्वचेसाठी सुगंधरहित प्रकार निवडून कोपराच्या आतील बाजूस लावून दोन दिवस वाट पाहावी. लग्नाच्या सकाळी नवी बाटली प्रथमच उघडणे हा जुगार आहे.

लावताना वाटाण्याएवढे फाउंडेशन पुरे. चेहऱ्याच्या मध्यभागापासून आरंभ करून ओलसर, घट्ट पिळलेल्या स्पंजने थोपटत कडेकडे जावे, घासू नये. डाग झाकण्यासाठी सबंध चेहऱ्यावर दुसरा थर देण्याऐवजी तेवढ्याच जागी कन्सीलर लावावा.

घटकांची बारीक अक्षरांतील यादी जैन गृहिणीने विशेष लक्षपूर्वक वाचावी. कारमाइन, म्हणजेच सी.आय. ७५४७०, हा तांबडा रंग कोचिनील किड्यांपासून काढतात. तो लिपस्टिक व ब्लशमध्ये अधिक आढळतो, परंतु काही फाउंडेशनमध्येही असतो. वरील लोह-ऑक्साइडांचे क्रमांक ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९. ती खनिज द्रव्ये होत. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांश आहे. स्क्वालेन पूर्वी शार्कच्या यकृतातून मिळवीत. आता ऑलिव्ह व उसापासूनही होते, तेव्हा त्याचे मूळ वनस्पतिज असल्याचा उल्लेख पाहावा. भारतात प्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी २०१४ पासून निषिद्ध आहे, पण ‘प्राण्यांवर चाचणी नाही’ या वाक्यातून घटकांविषयी काहीच कळत नाही. ब्रशचेही तेच: बकरीच्या किंवा खारीच्या केसांचे ब्रश अजून विकले जातात, आणि कृत्रिम तंतूंचे ब्रश द्रवरूप फाउंडेशनसाठी उलट अधिक सोयीचे पडतात, कारण ते द्रव कमी शोषतात व लवकर धुऊन निघतात.

लग्नघरात एकच स्पंज चार बहिणींच्या चेहऱ्यांवरून फिरतो. तो प्रत्येकीचा वेगळा असावा, आणि त्याच रात्री साबणाने धुऊन हवेवर वाळत ठेवावा.