पात्र कोण, हे एकदा सांगून टाका!

पावसाळा तोंडावर आला की मुंबई महानगरपालिका नाल्यांतील गाळ उपसावयास काढते, मोडकळीस आलेल्या इमारतींच्या याद्या प्रसिद्ध करते, आणि मोठ्या भरतीच्या तारखा वर्तमानपत्रांतून छापून येतात. या साऱ्या सिद्धतेत एक तारीख मात्र कोठेच आढळत नाही. पावसाबरोबर येणाऱ्या इन्फ्लुएंझाची लस वृद्धांनी केव्हा, कोठे आणि कोणत्या अधिकाराने टोचून घ्यावी, हे सांगण्याचे काम कोणत्याही खात्याने आपले मानलेले दिसत नाही.

इन्फ्लुएंझा हा थंडीतला आजार, ही समजूत आपण विलायती पुस्तकांतून उचलली. श्रीनगरकडे ती खरी आहे, मुंबई-पुण्याकडे नाही. येथे या रोगाचा मोठा जोर पावसाळ्यात असतो व थंडीत त्याचा दुसरा, बहुधा लहान, फेरा येतो. १९१८ ची महासाथ मुंबईच्या गोदीवरील पोलीस शिपायांत प्रथम दिसली ती जून महिन्यात. २००९ साली स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला तो पुण्यात, ऑगस्टच्या आरंभी. हा विषाणू वर्षागणिक रूप पालटतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना लशीचे घटक वर्षातून दोनदा ठरविते. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. टोचल्यानंतर प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे दोन आठवडे लागतात आणि काही महिन्यांत ती ओसरू लागते. तेव्हा ज्याला जुलैतील साथीपासून वाचावयाचे आहे, त्याने मे महिना संपण्यापूर्वी लस घेऊन मोकळे झाले पाहिजे.

पण घ्यावी कोणी? केंद्रीय आरोग्य खात्याच्या मार्गदर्शक सूचनांत गर्भवती स्त्रिया, दमा, हृदयविकार, मधुमेह यांसारख्या दीर्घ व्याधींचे रुग्ण, आरोग्यसेवक आणि ६५ वर्षांवरील वृद्ध यांचा उल्लेख आहे. परंतु शिफारस म्हणजे हक्क नव्हे. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात १२ रोगांवरील लशी येतात. इन्फ्लुएंझा त्यांत नाही. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली गर्भवती स्त्रियांना व मधुमेह, उच्च रक्तदाब असलेल्यांना ही लस विनामूल्य देण्यास आरंभ केला, याचे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. तथापि ज्याला यांपैकी कोणतीही व्याधी नाही, केवळ वय झाले आहे, त्या सत्तरीच्या गृहस्थाने काय करावे? त्याने औषधाच्या दुकानाकडे वळावे आणि दीड-दोन हजार रुपये मोजावे, हेच आजचे उत्तर आहे. पतिपत्नी दोघे असतील तर रक्कम दुप्पट, आणि दर वर्षी.

पात्रता अस्थिर ठेवली म्हणजे काय होते, हे आपण २०२२ साली करोनाच्या तिसऱ्या मात्रेच्या वेळी पाहिले आहे. तिला ‘बूस्टर’ न म्हणता ‘प्रिकॉशन डोस’ म्हणावयाचे असे ठरले. नाव ठरविण्यात दाखविलेला काटेकोरपणा पात्रता ठरविताना दिसला नाही. १० जानेवारी २०२२ रोजी ही मात्रा आरोग्यसेवकांना, आघाडीवरील कर्मचाऱ्यांना आणि ६० वर्षांवरील व्याधिग्रस्तांना मिळू लागली. व्याधी असली पाहिजे, पण तिचा दाखला मागितला जाणार नाही, असा तो विलक्षण नियम होता. १६ मार्चपासून साठीवरील सर्वांसाठी व्याधीची अट गळाली. १० एप्रिलपासून १८ वर्षांवरील सर्व पात्र झाले. मात्र ६० च्या आतील सामान्य नागरिकांनी ती खासगी केंद्रावर, लशीचे मूल्य व १५० रुपयांपर्यंतचे सेवाशुल्क भरून घ्यावयाची होती. दुसऱ्या मात्रेपासूनचे ९ महिन्यांचे अंतर ६ जुलैला ६ महिन्यांवर आले. आणि १५ जुलैपासून ७५ दिवस तीच मात्रा शासकीय केंद्रांवर विनामूल्य झाली. एप्रिलमध्ये पैसे भरून आलेला मनुष्य मूर्ख ठरला व थांबलेला शहाणा! फुकट वाटप सुरू होईपर्यंत १८ ते ५९ या वयोगटातील सुमारे ७७ कोटी लोकांपैकी १ टक्का लोकांनीही ही मात्रा घेतली नव्हती. याचे खापर लोकांच्या उदासीनतेवर फोडण्यात आले. साथ ओसरल्यासारखी वाटत होती, हे कारण खरेच. पण सहा महिन्यांत चार वेळा नियम बदलणाऱ्या सरकारला उदासीनतेची तक्रार करण्याचा अधिकार उरतो काय?

नोंदणीची कथाही फार निराळी नाही. २०२१ च्या मे महिन्यात १८ ते ४४ वयाच्या नागरिकांना आरंभी केवळ ‘कोविन’वरूनच वेळ घेता येई. ज्याच्या हाती वेगवान यंत्र त्याला लस, असा न्याय झाला, आणि शहरातील तरुण मोटारी घेऊन खेड्यांतील केंद्रांवर जाऊन पोहोचले. त्याच महिनाअखेरच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने या व्यवस्थेतील विषमतेवर स्पष्ट शब्दांत बोट ठेवले. पुढे थेट केंद्रावर जाण्याची मुभा आली व गर्दी निवळली. चाळीतील आजोबांचा दूरध्वनी बहुधा नातवाच्या नावावर असतो, एवढी साधी गोष्ट दिल्लीच्या लक्षात यावयास फार विलंब लागला.

इंग्लंडात सारे आलबेल आहे असे आम्ही म्हणत नाही. तेथेही शरद ऋतूतील करोना लशीची पात्रता आक्रसतच गेली आहे. २०२२ साली ५० वर्षांवरील, २०२३ साली ६५ वर्षांवरील, आणि २०२५ साली ७५ वर्षांवरील. साठीतल्या अनेकांना ते रुचले नाही. परंतु तेथील तज्ज्ञ समितीने प्रत्येक निर्णयाची कारणे हंगामापूर्वी प्रसिद्ध केली, इन्फ्लुएंझाच्या लशीसाठी ६५ ची मर्यादा वेगळी ठेवून तसे सांगितले, आणि आपण बसतो की नाही हे नागरिकाला आपले वय पाहून कळू शकते. नकार मिळाला तरी तो आगाऊ व सकारण मिळतो. आपल्याकडेही लसीकरणावरील राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गट आहे. त्याच्या विचारविनिमयाची वार्ता आपल्यापर्यंत येते ती बहुधा ‘सूत्रांकडून’.

खर्च परवडणार नाही, हा आक्षेप ठरलेला आहे. लशीचा गुण मर्यादित आहे हेही खरे. घटक साथीशी चांगले जुळले त्या वर्षी ती सुमारे ४० ते ६० टक्क्यांपर्यंत आजारपण टाळते, न जुळल्यास त्याहून कमी. पण याच सरकारने २०२४ च्या ऑक्टोबरात ७० वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेखाली रुग्णालयातील उपचारांसाठी कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देऊ केले आहे. न्यूमोनिया होऊन अतिदक्षता विभागात पडलेल्या वृद्धाचे देयक सरकार भरावयास सिद्ध आहे. तो तेथे जाऊ नये म्हणून टोचावयाच्या सुईचे मात्र नाही. हा हिशेब कोणत्या जमाखर्चात बसतो, ते अर्थखात्याने समजावून द्यावे.

शिवाय वयाचाही घोळ आहे. ज्येष्ठ नागरिक ६० व्या वर्षी, लशीची शिफारस ६५ व्या वर्षी, आयुष्मानचे कार्ड ७० व्या वर्षी! राज्य शासनाने यांपैकी एक आकडा निवडावा. आमच्या मते ६५ योग्य. पैसा अपुरा असेल तर ७० पासून आरंभ करावा, पण व्याधींच्या याद्या व दाखले यांत वृद्धांना अडकवू नये. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात तो आकडा, केंद्रे व दिवस जाहीर व्हावेत. मुंबईत पालिकेचे ‘आपला दवाखाना’ प्रभागोप्रभागी आहेत. तेथे वयाचा पुरावा दाखवून सकाळी रांगेत उभे राहता यावे, आणि ज्याला दूरध्वनीवरून वेळ ठरवावयाची असेल त्याला ती ठरविता यावी. अंथरुणाला खिळलेल्यांकडे परिचारिका पाठविणे अवघड असले तरी अशक्य नाही. २०२१ साली मुंबई पालिकेने तेही करून दाखविले आहे.

तोवर ज्यांना स्वखर्चानेच लस घ्यावयाची आहे, त्यांनी प्रथम आपल्या डॉक्टरांना विचारावे, आणि मग दुकानात खोक्यावरील वर्ष वाचून पाहावे. दक्षिण गोलार्धाच्या लशीवर बहुधा एकच वर्ष छापलेले असते, उत्तर गोलार्धाच्या लशीवर जोडवर्ष. मे महिन्यात गेल्या हिवाळ्याचे जोडवर्ष असलेले खोके कोणी पुढे केले, तर त्यावरील मुदतीची तारीख पाहिल्यावाचून पैसे काढू नयेत.