विशीतलं वाक्य

परवा संध्याकाळी कट्ट्यावर विषय निघाला तो चक्क रॉक संगीताचा. आम्हा सत्तरीपार मंडळींचा आणि रॉकचा संबंध काय, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. माझं निम्मं आयुष्य नाट्यसंगीत ऐकण्यात आणि उरलेलं वह्या तपासण्यात गेलं. पण आमच्यातला एक निवृत्त बँकवाला या गाण्यांचा जुना वेडा. त्याने 'द हू' या इंग्लंडमधल्या बँडची गोष्ट सांगितली.

१९६५ साली त्यांचं 'माय जनरेशन' हे गाणं आलं. ते लिहिणारा पीट टाउनशेंड तेव्हा २० वर्षांचा होता. म्हातारं होण्याआधीच मेलेलं बरं, अशा अर्थाची एक ओळ त्यात आहे. तरुणांनी गाणं डोक्यावर घेतलं. पुढे ड्रम वाजवणारा कीथ मून १९७८ मध्ये ३२ व्या वर्षी खरोखरच गेला. बास गिटारवाला जॉन एंटविसल २००२ मध्ये गेला. टाउनशेंड आणि गायक रॉजर डाल्ट्री मात्र राहिले, आणि २०२५ मध्ये, दोघांनीही ऐंशी गाठल्यावर, अमेरिकेत निरोपाचा दौरा करून आले.

"लाज कशी वाटत नाही?" आमचे एक मित्र उसळले.

"का? भीमसेनजी पंच्याऐंशीव्या वर्षी सवाई गंधर्वला गायले, तेव्हा तू डोळे पुसलेस ना?"

"अरे, राग कधी म्हातारा होत नाही. हे गाणं तरुणपणाच्या मिजाशीवरच उभं आहे!"

मुद्दा बिनतोड होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. "मास्तर, तुम्ही बोला."

मी काही बोललो नाही, कारण मला माझंच एक वाक्य आठवलं होतं. नोकरीला लागलो तेव्हा शाळेत एक वयस्कर सर होते. फळ्यावर लिहिताना त्यांचा हात कापायचा. "यांनी आता घरी बसावं," असं मी शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने म्हणालो होतो. ते दारातच उभे होते. काही न बोलता खडू घेऊन वर्गावर गेले. पुढे ५८ व्या वर्षी नियमाप्रमाणे मी निवृत्त झालो, तेव्हा मला आणखी दहा वर्षं शिकवता येईल अशी माझी खात्री होती.

माझं ते वाक्य ऐकणारे फार थोडे होते, म्हणून मला ते विसरल्यासारखं करता आलं. टाउनशेंडची ती सोय नव्हती. त्याचं वाक्य जगाला पाठ होतं. म्हणून मला वाटतं, हे गाणं म्हातारपणी गाणं म्हणजे ढोंग नव्हे. 'हो, हे मीच म्हणालो होतो' असं चारचौघांत कबूल करण्यासारखंच ते आहे. मला सरांपुढे एवढंही जमलं नाही.

तेव्हा नातवंडांनी आपल्याला उद्या मोडीत काढलं, तर लगेच चिडू नये. तेही एक दिवस ऐंशीचे होतील. तोवर त्यांची गाणी थोडी ऐकून बघायला काय हरकत आहे?