पगाराचा रकाना उघडा

मुंबई-पुण्यातल्या कंपन्यांच्या सीएसआर समित्यांचे अध्यक्ष आणि सभासद यांस,



बीड जिल्ह्यातल्या छोट्या संस्थांचे हिशेब लिहून मी पोट भरतो. त्यातल्या एका संस्थेच्या विश्वस्त मंडळात बहुतेक बायका स्वतः ऊसतोडीला, कोयत्यावर जाऊन आलेल्या आहेत. धर्मादाय कार्यालयातली नोंदणी, १२ए, ८०जी, सीएसआर-१ असे सगळे उंबरठे त्यांनी झिजवले. मुकादमाची उचल किती फिटली, खाड्याचे पैसे किती कापले, याचा हिशेब मांडायला त्या टोळीतल्या बायकांना शिकवतात. हे काम बाहेरून आलेल्या कुणाला जमलं नसतं, कारण मुकादमाच्या वहीत काय लिहितात आणि काय लिहीत नाहीत हे त्यांनी भोगलेलं आहे.

त्यांना एका कंपनीचं मंजुरीपत्र आलं ते जानेवारीत. अट अशी की ३१ मार्चच्या आत गावोगाव महिलांची शिबिरं घ्यायची आणि जिओ-टॅग केलेले फोटो पाठवायचे. जानेवारीत आमच्याकडे घरांना कुलपं असतात. गावात म्हातारी माणसं, शेळ्या आणि थोडी पोरं. बायका सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात, कोप्यांमध्ये. एप्रिलनंतर शिबिरं घेतो म्हटलं, तर उत्तर आलं: आमचं आर्थिक वर्ष संपतं.

तुमचं वर्ष संपतं हे खरं, पण कायद्यानं त्याची सोय केलेली आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करायचे असतात. प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केला, तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं तो चालवता येतो. उरलेली रक्कम ३१ मार्चनंतर तीस दिवसांत वेगळ्या खात्यात टाकली की झालं. म्हणजे मार्चची धावपळ तुमच्या कचेरीच्या सवयीतली आहे.

दुसरी गोष्ट पगाराची. अंदाजपत्रकात शिलाई मशीन चालतं, पाण्याची टाकी चालते, तिच्यावर कंपनीचं नाव रंगवलेलं तर फारच चालतं. मानधनाचा आकडा दिसला की लाल शेरा पडतो: ‘ओव्हरहेड पाच टक्क्यांच्या आत ठेवा.’ साहेब, ती पाच टक्क्यांची मर्यादा तुमच्या स्वतःच्या कंपनीच्या प्रशासकीय खर्चावर आहे. नियमांत तसं लिहिलेलं आहे. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानं ऑगस्ट २०२१ मध्ये काढलेल्या प्रश्नोत्तरांत तर शिक्षणाच्या कामातल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांचे पगार हा प्रकल्पाचाच खर्च मानला आहे. तरी तुमची माणसं ती मर्यादा संस्थेच्या माथी मारतात.

याचा परिणाम मला व्हाउचरच्या फाइलीत दिसतो. फडात कळा सुरू झालेल्या एका बाईला ग्रामीण रुग्णालयात न्यायला संस्थेच्या कार्यकर्तीनं रात्री जीप केली. जीपवाल्यानं वहीचं पान फाडून त्यावर रक्कम लिहिली, खाली सही केली. हे पान कुठल्या शीर्षाखाली लावायचं? तुमच्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता. पैसे शेवटी त्या कार्यकर्तीच्या खिशातून गेले, आणि तिचं मानधन तर आधीच नामंजूर झालेलं.

हिशेब मागू नका असं मी म्हणणार नाही; तसं म्हटलं तर माझाच धंदा बसेल. पण पाच-सहा लाखांच्या देणगीसाठी पाऊणशे पानी ‘इम्पॅक्ट’ अहवाल कशाला? ज्या कंपनीचं सरासरी सीएसआर दहा कोटी वा त्याहून जास्त, तिच्याच एक कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांना ते मूल्यमापन सक्तीचं आहे.

आणि कारखान्याच्या आसपासच पैसा खर्च करायचा, हेही बंधन नाही. मंत्रालयाच्याच म्हणण्याप्रमाणे ती नुसती मार्गदर्शक तरतूद आहे. बीडला तुमचे कारखाने नाहीत. नंदुरबार, गडचिरोलीलाही फारसे नसतील.

तेव्हा प्रस्तावाच्या नमुन्यात तीन बदल करा. मानधनाचा रकाना उघडा, मंजुरी एका वर्षाऐवजी तीन वर्षांची द्या, आणि अडीनडीच्या खर्चासाठी पावतीशिवाय चालेल अशी एक छोटी रक्कम ठेवा, तिची मर्यादा तुम्हीच ठरवा. समितीची बैठक मात्र पावसाळ्यातच घ्या. दसरा झाला की टोळ्या निघायला लागतात.

आपला,
एक हिशेबनीस, बीड